बाहेरून नऊ, आतून आठ

१

"कागद चोरीला गेलेत, मावशी. आणि चोर घरातलाच आहे," असं अरुणा फोनवर म्हणाली तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि मी गाडीला विंटर टायर्स लावून घ्यायला निघालो होतो. ती अपॉइंटमेंट मी तीन आठवड्यांपूर्वी मिळवली होती. प्रमिलाने फोन स्पीकरवर टाकला, माझ्याकडे पाहिलं, आणि अपॉइंटमेंट गेली हे मला कळून चुकलं.

प्रमिला माझी बायको. इथल्या एका विमा कंपनीत तिने एकतीस वर्षं क्लेम तपासले. जळालेली दुकानं, पाणी भरलेली बेसमेंट, अचानक नाहीसे झालेले दागिने, असल्या गोष्टींमागचं खरंखोटं करण्यात तिची नोकरी गेली. रिटायर झाल्यावर हे थांबायला हवं होतं. पण ओळखीत कुणाचं काही हरवलं की अजून तिलाच फोन येतो. ती हायवेवर गाडी चालवत नाही, म्हणून प्रत्येक तपासात मीही असतो. माझं काम गाडी चालवायचं आणि मध्ये बोलायचं नाही. यातलं पहिलं मला नीट जमतं.

ओकव्हिलच्या उत्तरेला, जिथे घरं संपून मक्याची कापलेली शेतं सुरू होतात, तिथे आमचे जुने स्नेही बळवंतराव दाते यांच्या मुलाचं घर आहे. बळवंतराव मूळचे वाईचे, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर, वय एक्याऐंशी. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, जयदीपने, ही जागा घेतली तेव्हा घरामागे एक दगडी बार्न, म्हणजे शेतावरचं जुनं कोठार, आयता मिळाला. घर जयदीपचं, सातबाराही जयदीपचा असं आम्ही गमतीने म्हणायचो, पण बार्न मात्र पहिल्या दिवसापासून बळवंतरावांचा झाला.

या भागात बार्न पुष्कळ आहेत, पण ते लाकडी. खाली दगडाचा पाया आणि वर फळ्या. हा मात्र जमिनीपासून आढ्यापर्यंत दगडाचा. बळवंतरावांनी दहा वर्षं खणपट्टीला बसून त्याचा इतिहास हुडकला. शेवटी घराच्या माळ्यावर त्यांना मेणकापडावरचं एक जुनं रेखाटन सापडलं. जोसाया पेन नावाचा एक इंग्लिश गवंडी एकोणिसाव्या शतकात इकडे आला होता. येताना त्याने आपल्या गावच्या दगडी बार्नचा नकाशा बरोबर आणला आणि तो समोर ठेवून इथे हा उभा केला. कोपऱ्यात त्याची सही, गावाचं नाव आणि साल. समुद्रापलीकडच्या त्या बार्नची ही सख्खी बहीण, असं बळवंतराव म्हणायचे.

"सोमवारी टाउनच्या हेरिटेज कमिटीची मीटिंग आहे," अरुणा दारातच सांगू लागली. ती बळवंतरावांची धाकटी मुलगी, दूर रेजिना शहरात सरकारी नोकरीत. बाबांचं कळल्यावर रजा मिळवून ती गुरुवारी विमानाने आली होती. "दादाने बार्न पाडायला अप्लाय केलंय. कमिटीकडे पुरावा गेला नाही तर परमिट मिळणार. पुरावा म्हणजे ते रेखाटन आणि बाबांचे नकाशे. दुसरं काहीच नाही."

"आणि बळवंतरावांना विचारता येत नाही," प्रमिला म्हणाली.

अरुणाने मान हलवली. तीन आठवड्यांपूर्वी बळवंतराव त्या बार्नमध्येच शिडीवरून पडले होते. डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण वाचा अजून आली नव्हती. माणसं ओळखतात, डोळ्यांतून पाणी येतं, शब्द येत नाही.

"पडायच्या आधी तासभर त्यांनी मला व्हॉइस मेसेज पाठवला होता. ऐका."

फोनमधून वाऱ्याचा आवाज आला, कबुतरांचं घुमणं आलं, आणि मग बळवंतरावांचा तो खणखणीत आवाज.

"अरू, कागद नीट ठेवलेत बरं का. तिसऱ्या खणात. मला काही झालं तर जयूला विचार, त्याला कळेल."

"मी आल्याआल्या दादाला विचारलं," अरुणा म्हणाली. "म्हटलं, बाबांच्या टेबलाचा तिसरा खण ना? तो हो म्हणाला. उघडला. कागद नाहीत."

"कारण कुणीतरी नेलेत," मागून आवाज आला. जयदीप जिन्यात उभा होता. "मावशी, तुम्ही आलात ते बरं झालं. पण मी सांगतो, यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही."

२

बळवंतरावांची खोली त्यांच्यासारखीच नीटनेटकी होती. खिडकीशी सागवानी टेबल, उजव्या अंगाला एकाखाली एक चार खण.

प्रमिलाने तिसरा खण ओढला आणि डांबरगोळ्यांचा वास सुटला. आत बळवंतरावांच्या कैलासवासी बायकोचे, प्रभावहिनींचे, इरकली चोळखण होते. घड्या जशाच्या तशा, वर चार कोपऱ्यांत चार डांबरगोळ्या आणि मधोमध पाचवी.

"खणात खण," मी म्हणालो.

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे ऐकलं होतं.

"जयदीप, तू कागद या खणात पाहिले होतेस?"

"हो. दिवाळीनंतर. या ड्रॉवरमध्येच होती ती गुंडाळी, या कपड्यांवर." जयदीप बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पन्नाशीचा, बोलताना हातातला फोन उलटसुलट करत राहतो. "नंतर घरात किती माणसं आली-गेली. हॉस्पिटलचं निमित्त, भेटायला येणारे. गुरुदत्त पण येऊन गेला."

"गुरुदत्त कोण?"

"कॉन्ट्रॅक्टर. बार्न तोच पाडणार आहे. दगड त्याचे, हे ठरलंय."

"म्हणजे रेखाटन कमिटीपुढे गेलं तर नुकसान त्याचं," अरुणा तावातावाने म्हणाली. "आणि दादा, तुझंही काम अडेल."

"मी माझ्याच बापाचे कागद चोरीन?"

"मी असं म्हटलं नाही."

"तू अगदी तेच म्हटलंस."

भावंडांची जुंपली तेवढ्यात प्रमिला आपल्या कामाला लागली. तिने खण पुरता बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि विती टाकल्या. लांबी दोन विती, रुंदी पावणेदोन. मग अरुणाला विचारलं, "रेखाटनाचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

होता. बळवंतरावांनी दसऱ्याला पाठवलेला. टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या पंच्यावर पिवळट गुंडाळी, आणि शेजारी मापासाठी एक फूटपट्टी. गुंडाळी पट्टीच्या दुपटीहून बोटभर जास्तच लांब होती. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'घडी घातली तर तुकडे पडतील. हात लावताना मी श्वास रोखून धरतो.'

प्रमिलाने फोटो पाहिला, खण पाहिला, आणि फोन अरुणाला परत दिला. चेहऱ्यावर काही नाही. एकतीस वर्षांची सवय आहे ती. मी मात्र मनातल्या मनात गणित केलं. दीड फूट लांब आणि सोळा इंच रुंद खणात सव्वादोन फुटांची गुंडाळी तिरकी ठेवली तरी मावत नाही.

इतक्यात दारात जयदीपची बायको शिवांगी आली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि डोळे लाल होते.

"मावशी, आय हॅव टू टेल यू समथिंग," ती म्हणाली. "त्यांचे ड्रॉइंग्ज मी फेकलेत."

३

शिवांगी इथेच, मिसिसागात वाढलेली. तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं उत्तम आहे, रागावली किंवा रडू आलं की इंग्रजीत जाते. प्रमिलाने तिला किचनच्या स्टुलावर बसवलं.

"दिवाळीची क्लीनिंग चालू होती. बेसमेंटमध्ये बाबांचे इतके बॉक्सेस! एक बॉक्स मला वाटलं, जुने न्यूजपेपर्स आहेत. मी रिसायकलिंगच्या ब्लू बॉक्समध्ये टाकला. गुरुवारी ट्रक घेऊन गेला. नंतर बाबांनी विचारलं तेव्हा, ओह माय गॉड, त्यात त्यांची ऑफिसमधली जुनी ड्रॉइंग्ज होती. ते ओरडले नाहीत. नुसते बसून राहिले. मला अजून ते दिसतं."

"ते पडले कधी?"

"त्याच्या नंतरच्या मंडेला."

"आणि मेसेज त्याच दिवशीचा," प्रमिला तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "म्हणजे ट्रक गेल्यावर चार दिवसांनी ते सांगतायत की कागद नीट ठेवलेत. तू टाकलेला बॉक्स वेगळा, शिवांगी. उलट तुझ्या त्या चुकीमुळेच त्यांनी हे कागद घरातून हलवले असणार. ते पडले तेव्हा आधी कुणी पाहिलं?"

"मी. बार्नच्या मधोमध, त्या छोट्या दरवाज्याजवळ. जयदीप म्हणतो ते रूफ मेजर करत होते."

"शिडी केवढी?"

"छोटीच. टेन फीट असेल. जयदीपने ती गराजमागे चेनने बांधून ठेवलीय."

"खिशात काय होतं त्यांच्या?"

शिवांगी आठवू लागली. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिलेल्या वस्तू तिनेच लावून ठेवल्या होत्या. "चष्मा. रुमाल. एक स्क्रूड्रायव्हर, आणि एक स्क्रू."

"टेप?"

"नो. टेप इथेच होती, टेबलावर."

प्रमिलाने चहा संपवला. बाहेरच्या खोलीत जयदीप आला होता. तो आमच्यासमोर बसला आणि न विचारताच बोलू लागला. घरची माणसं अशी बोलतात तेव्हा आपण गप्प बसावं, हे मला तिने शिकवलंय.

"तुम्हाला वाटतं मी वाईट मुलगा आहे. बार्न पाडायला निघालोय. मावशी, मला जुन्याचं वावडं नाही. वाईचं आमचं घर सात खणी होतं, मी तेरा वर्षांचा होईपर्यंत त्यातच वाढलो. अरूला काही आठवत नाही, इकडे आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती. ते घर विकून बाबांनी आम्हाला इथे आणलं, तेव्हा नाही त्यांना दगडमातीचा पुळका आला. आणि आता ऐंशीव्या वर्षी शिड्या चढतात! मी हजारदा सांगितलं. आधी गुडघा गेला, मग खांदा, आणि आता..." त्याचा आवाज चिरकला. "त्या बार्नने माझा बाप खाल्लाय. मला तो डोळ्यांसमोर नकोय."

हे मात्र खोटं नव्हतं. ते बोलताना त्याच्या हातातला फोन पहिल्यांदाच स्थिर होता.

अंगणात ट्रकचा आवाज आला. जयदीपने खिडकीतून पाहिलं. "गुरुदत्त आला. माप घ्यायला बोलावलं होतं मी."

"छान," प्रमिला उठत म्हणाली. "अहो, कोट घाला. आपण बार्न बघून येऊ."

४

गुरुदत्त बेळगावकडचा. अंगाने आडवा, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि बोलणं तोंडभर. प्रमिलाने त्याला सरळच विचारलं, कागद तुम्ही नेलेत का.

"काय हो ताई," तो दुखावला नाही, हसला. "मी त्या घरात फक्त मडरूमपर्यंत, बूट काढायच्या खोलीपर्यंत जातो. माझे बूट बघा की. आत पाऊल टाकलं असतं तर वहिनींनी कार्पेटसकट मला बाहेर फेकलं असतं. कागद मिळाले तर काम जाईल माझं, ते खरं. पण खरं सांगू? हा पाडताना माझे हात थरथरणार. या तोलाचं बांधकाम मी या देशात दुसरं पाहिलेलं नाही."

"मग दाखवा आम्हाला."

आणि गुरुदत्तने दाखवला. मी आजवर त्या बार्नला एक थंडगार मोठं गोदाम समजत होतो, ते माझं अज्ञान. दक्षिणेच्या अंगाला मधोमध उंच दरवाजा, गव्हाच्या पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी आत यावी एवढा. बरोबर समोर, उत्तरेला, दुसरा दरवाजा, पण बुटका.

"गाडी रिकामी होऊन बाहेर पडायची, तिला उंची कशाला?" गुरुदत्त म्हणाला. "आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वारा. मध्ये झोडपणी करायची, तिथेच उफणायचं. भुसा उडून जायचा, दाणा खाली."

"म्हणजे खळंच की हे," प्रमिला म्हणाली. "छपराखालचं खळं."

"तेच. आपल्याकडे उघड्यावर, यांच्याकडे पावसापायी आत. आणि दोन्ही बाजूंना पेंढ्या रचायची जागा. पेंढ्यांना हवा लागावी म्हणून त्या भिंतीतल्या फटी. बाहेरून चार बोटं, आतून हातभर रुंद. वारा येतो, पाऊस येत नाही."

वर तिकोनी भिंतीत एक गोल भोक होतं. ते मुद्दाम घुबडासाठी ठेवलेलं, घुबड आत राहिलं की उंदीर राहत नाहीत, असं त्याने सांगितलं. आपण ज्याला हाकलतो त्याला इंग्लिश शेतकऱ्याने दार करून दिलं होतं, याची मला फार गंमत वाटली.

"हा फाइव्ह बे बार्न," गुरुदत्त वर बोट करून म्हणाला. छताला चार मोठ्या लाकडी कैच्या होत्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिरप्या तुळयांच्या चौकटी. "दोन कैच्यांमधला गाळा म्हणजे बे. चार कैच्या आणि दोन टोकांच्या भिंती, म्हणजे पाच गाळे. जोसायाचा हिशोब चोख."

प्रमिला एकदम थांबली. "गाळा," ती स्वतःशीच पुटपुटली. "तुम्ही गाळा म्हणता."

"आमच्या धंद्यात तेच म्हणतात. का हो?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही उत्तरेच्या भिंतीला बाहेरून जाऊन फटी मोजा. मी आतून मोजते."

बाहेर उणे सहा होतं. मी मोजल्या आणि नाक चोळत आत आलो. "नऊ."

"आठ," ती म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत. नऊपर्यंत मोजता येतं मला."

"परत मोजा."

परत गेलो. प्रत्येक बाजूच्या गाळ्यात दोन, अशा आठ, आणि मधल्या बुटक्या दरवाज्याच्या वर एक. नऊ. आत येऊन मी भिंतीकडे पाहिलं. सकाळच्या उजेडाचे आठ उभे पट्टे होते. बुटक्या दरवाज्याच्या वर मात्र चुन्याने रंगवलेली सपाट पांढरी भिंत होती.

"बाहेरून नऊ, आतून आठ," प्रमिला म्हणाली. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "गुरुदत्त, घरच्या सगळ्यांना इकडे बोलवा. आणि जयदीपला म्हणावं, कुलूप काढून शिडी घेऊन ये. त्यालाच आणू दे."

५

तिघंही आले. जयदीपने शिडी आणली, पण खाली ठेवली नाही, खांद्यावर तशीच धरून दारात उभा राहिला.

"चोरी झालेलीच नाही," प्रमिला म्हणाली. "आधी तो टेबलाचा खण. रेखाटनाची गुंडाळी सव्वादोन फूट लांब. खणात तिरकी ठेवली तरी मावणार नाही, आणि घडी बळवंतरावांनी जन्मात घातली नसती. शिवाय चोळखणांवर पाच डांबरगोळ्या रांगोळीसारख्या मांडलेल्या. त्यांच्यावर गुंडाळी ठेवली किंवा उचलली असती तर एक तरी गोळी घरंगळली असती. तिथे कागद कधीच नव्हते."

"पण बाबा स्वतः म्हणाले, तिसऱ्या खणात," अरुणा म्हणाली.

"हो. आणि हे एवढंसं सोपं कोडं मला तासभर सुटलं नाही, कारण मी पण तुझ्यासारखीच फसले. मघाशी यांनी विनोद केला, खणात खण." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या विनोदाला तिने चारचौघांत मान द्यायची ही पहिलीच वेळ. "तेव्हा डोक्यात किडा वळवळला. खण म्हणजे टेबलाचा कप्पा. खण म्हणजे चोळीचं कापड. आणखी काय? गुरुदत्त त्याला गाळा म्हणतात. पण वाईकडचा माणूस घर मोजतो तेव्हा दोन खांबांमधल्या जागेला काय म्हणतो?"

तिने वरच्या कैच्यांकडे बोट केलं.

"खण," प्रमिला म्हणाली. "पाच खणी घर, सात खणी घर. बळवंतराव दहा वर्षं हा बार्न मोजत होते, मनातल्या मनात मराठीतच. फाइव्ह बे म्हणजे त्यांच्या लेखी पाच खण. आणि पाचांतला तिसरा, इकडून मोजा की तिकडून, हाच. आपण उभे आहोत तो."

अरुणाने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ते बार्नमध्ये..."

"ते छत मोजायला चढलेच नव्हते. दहा फुटांच्या शिडीने आढ्याला हात लागत नाही, आणि मोजायला जाणारा माणूस टेप घरी ठेवून स्क्रूड्रायव्हर खिशात घालत नाही. या दरवाज्यावरच्या फटीच्या आतल्या पोकळीत त्यांनी कागद ठेवले आणि पुढे चुना लावलेली फळी बसवली. तुला मेसेज केला. मग एक स्क्रू राहिला होता, तो बसवायला पुन्हा चढले."

शिवांगी रडू लागली. गुरुदत्तने कानटोपी काढून हातात घेतली.

"एकच गोष्ट राहिली," प्रमिला हळू म्हणाली. "हा शब्द अरूला कळणार नाही हे त्यांना बोलता बोलता सुचलं असावं. म्हणून ते म्हणाले, जयूला विचार, त्याला कळेल. अरूने विचारलं. जयदीप, तू ड्रॉवर म्हणालास."

जयदीपच्या खांद्यावरची शिडी हलली.

"टेबलाच्या खणाला तू सकाळपासून एकदाही खण म्हणाला नाहीस. ड्रॉवरच म्हणतोस. तो शब्द तू फक्त एकदा वापरलास, वाईच्या घराबद्दल. सात खणी."

६

जयदीपने शिडी खांद्यावरून उतरवून हातात आडवी धरली.

"मला ऐकताक्षणी कळलं," तो म्हणाला. "बाबा मला लहानपणी खण मोजायला लावायचे. अरूने मेसेज ऐकवला, आणि मला दिसलं की तिला टेबल वाटतंय. मी नुसतं हो म्हणालो. एक शब्द. मग तिने शोधलं आणि मिळालं नाही, तेव्हा म्हणालो, मी पाहिले होते तिथे. म्हणजे ती शोधायचं थांबवेल."

"तू इथे येऊन पाहिलंस?" प्रमिलाने विचारलं.

"नाही. पाहिलं असतं तर उचलावे लागले असते, मग मी चोर झालो असतो. न बघता सोमवार येऊ द्यायचा, एवढंच ठरवलं होतं. बार्न पडेल, त्यात काय होतं ते पडेल." तो अरुणाकडे वळला. "तू मला शिव्या घाल, अरू. पण रोज खिडकी उघडली की मला ही जागा दिसते. त्यांना उचललं तेव्हा त्यांचा हात असा..."

अरुणाने शिव्या घातल्या नाहीत. ती त्याच्याजवळ गेली आणि शिडीचं दुसरं टोक धरलं.

त्यानेच शिडी लावली आणि तोच चढला. अरुणाने आणि गुरुदत्तने खाली घट्ट धरली होती. चौथ्या पायरीवर तो थांबला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता उतरतो. पण चढला. फळीला तीन स्क्रू होते, चौकोनी खाचेचे, नवेकोरे, चौथं भोक रिकामं. फळी निघाली तसा उजेडाचा नववा पट्टा भिंतीत उघडला, बरोबर आमच्या समोर.

आत एक पांढरा प्लास्टिकचा पाइप होता, दोन्ही टोकांना टोपणं लावलेला. जयदीपने तो छातीशी धरून खाली आणला. रेखाटन सुखरूप होतं. मी जोसाया पेनची सही पाहिली, आणि त्याने काढलेल्या पाच खणांखाली बळवंतरावांनी वेगळ्या कागदावर काढलेले पाच खण पाहिले. रेघेला रेघ जुळत होती. एवढं सुंदर काही मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत आत एक छापील फॉर्म होता. बार्नला वारसावास्तू म्हणून संरक्षण मिळावं, असा टाउनला केलेला अर्ज. सगळे रकाने टाइप करून भरलेले. मालकाचं नाव, जयदीप बळवंत दाते. अर्जदाराचं नाव, तेच. खाली सहीची जागा मोकळी, आणि तिच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने केलेली एक बारीक फुली.

जयदीप त्या फुलीकडे बघत राहिला.

"पासपोर्टचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, लग्नाचा सुद्धा," तो म्हणाला. "सगळे बाबाच भरायचे. आणि अशी फुली मारून समोर ठेवायचे. सही कुठे करायची ते मला कळत नाही, असं त्यांना वाटायचं." त्याने बाहीने नाक पुसलं. "मी पाडायला निघालो होतो, मावशी. आणि ते माझ्या नावाने अर्ज करत होते. मी सही करीन याची त्यांना खात्री होती."

सहसा या टप्प्यावर प्रमिला केस बंद झाल्यासारखी कोटाची बटणं लावते. आज लावली नाहीत.

"गुरुदत्त, सॉरी," जयदीप म्हणाला. "तुझं काम गेलं."

"छत गळतंय दोन ठिकाणी," गुरुदत्त म्हणाला. "ते कोण करणार? पेन घ्या."

जयदीपने फॉर्म बुटक्या दरवाज्याच्या फळीवर टेकवला. थंडीने पेन गोठलं होतं. पहिल्यांदा नुसताच ओरखडा उमटला. त्याने पेनाच्या टोकावर तोंडाची वाफ सोडली, तळहातात चोळलं, आणि फुलीच्या पुढे सही केली.

"व्हिजिटिंग अवर्स दोनला सुरू होतात," अरुणा म्हणाली. "मी दाखवू का बाबांना?"

"नको. मी सांगतो."

"काय सांगशील?"

"सगळं," जयदीप म्हणाला. "ड्रॉवरचं सुद्धा."